सोनेगावचा फुगा, अलिबागची सुई आणि ध्रुवावरचा वारा

जमिनीपासून ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचा वारा मोजणे हे हवामानशास्त्रातले अवघड काम आहे. तिथवर विमान पोचत नाही, फुगा त्याच्या एक-तृतीयांश उंचीवरच फुटतो, आणि उपग्रह इतक्या खाली आला तर हवेच्या घर्षणाने जळून जातो. शिवाय त्या थरातला वारा एका दिशेला धरून राहत नाही. दिवसातून एकदा किंवा दोनदा, बहुतांशी ठरल्या वेळी, तो फिरतो. समुद्रासारखी हवेलाही भरती-ओहोटी असते. फरक इतकाच, की समुद्राची भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते, तर हवेची मुख्यतः सूर्याच्या तापाने. ध्रुवांवर, जिथे सूर्य सहा महिने मावळत नाही आणि सहा महिने उगवत नाही, तिथे ही भरती कशी असेल हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोकळाच होता. या शोधाच्या इतिहासात केंब्रिज, स्टॅनफर्ड, बर्लिन ही नावे हमखास येतात. नागपूर, कुलाबा, अलिबाग आणि कोल्हापूर यांची नावे क्वचितच येतात, आणि ते योग्य नाही.

सुरुवात सर्वांत खालच्या थरापासून, म्हणजे नागपूरपासून करणे सोयीचे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले, पण पहिली काही दशके त्याचे लक्ष जमिनीलगतच्या हवेवरच होते. वरच्या हवेसाठी स्वतंत्र वेधशाळा १९१४ मध्ये आग्र्याला निघाली. तिथून हायड्रोजनचे फुगे सोडत. काही फुग्यांना तापमान आणि दाब नोंदवणारे छोटे यंत्र बांधलेले असे. फुगा फुटला की यंत्र कुठेतरी शेतात पडे. ते आणून देणाऱ्याला बक्षीस मिळेल अशी चिठ्ठी त्यावर असे, आणि अभ्यासाची सगळी मदार ते परत येण्यावर होती. याच सामग्रीच्या आधारे पुण्याच्या हवामान खात्यातले के. आर. रामनाथन यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले, की पंधरा-सोळा किलोमीटरवरची सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्तावर असते. वरच्या हवेचे नियम जमिनीवरून केलेल्या तर्काने कळत नाहीत, हा त्यातला धडा पुढे वारंवार खरा ठरला.

नागपूरचे महत्त्व विमानांमुळे वाढले. देशाच्या मध्यावर असल्याने ३० जानेवारी १९४९ पासून सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालाचा अड्डा सोनेगावच्या विमानतळावर पडला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार ठिकाणांहून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात उतरत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या गावी परतत. चारही दिशांना जाणाऱ्या वैमानिकांना वरचा वारा कुठून आणि किती हे उड्डाणापूर्वी कळणे भाग होते. समोरून वारा असेल तर इंधन जास्त लागे आणि पहाटेची वेळ चुके. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडे विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड एवढा टापू आहे. तिथला सर्वांत जुना धंदा म्हणजे फुगा सोडून वारा मोजणे.

त्या काळच्या पायलट बलूनची रीत साधी होती, पण हात बसायला वेळ लागे. रबरी फुग्यात हायड्रोजन भरायचा. किती भरला हे वजनाने ठरवायचे, कारण फुगा मिनिटाला ठरावीक उंची चढेल असे गृहीत धरून पुढचा सारा हिशेब असे. आकाश निरभ्र असेल तर पांढरा फुगा, ढगाळ असेल तर गडद रंगाचा. फुगा सोडला की निरीक्षक थिओडोलाइटला डोळा लावी. या थिओडोलाइटच्या दुर्बिणीत कोनात बसवलेला काच-लोलक असतो, त्यामुळे फुगा थेट डोक्यावर आला तरी मान वर न करता समोर पाहूनच तो दिसतो. दर मिनिटाला घंटी वाजली की दोन कोन वाचायचे, दिशेचा आणि उंचीचा. सहकारी ते वहीत टिपून घेई. लागोपाठच्या दोन मिनिटांत फुगा आडवा किती सरकला, त्यावरून त्या थरातल्या वाऱ्याचा वेग निघे. रात्री फुग्याखाली कागदी कंदिलात मेणबत्ती लावून सोडत आणि तो ठिपका ताऱ्यांच्या गर्दीत हरवू द्यायचा नाही एवढेच काम असे. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, दुपारच्या फुग्यामागे डोळा लावून बसणे म्हणजे काय ते तिथल्या माणसालाच माहीत. ढगात शिरला की फुगा संपला. म्हणजे पावसाळ्यात, जेव्हा वाऱ्याची खबर सर्वांत जास्त हवी, नेमकी तेव्हाच ही रीत आंधळी होई.

हा अडथळा रेडिओसाँडने दूर केला. फुग्याला बांधलेले यंत्र तापमान, दाब आणि आर्द्रता रेडिओवरून खाली कळवते, आणि त्याचा माग काढून वारा मोजता येतो. १९४०च्या दशकात भारतात दोन नमुने तयार झाले. पुण्यात एस. पी. वेंकटेश्वरन यांनी पंखा असलेला, आणि दिल्लीत एल. एस. माथुर यांनी घड्याळाच्या यंत्रणेवर चालणारा. पंख्याच्या नमुन्याची युक्ती नामी होती. फुगा चढताना लागणाऱ्या वाऱ्याने पंखा फिरे आणि तोच यंत्र चालवी, वेगळी मोटर लागत नसे. पुढे पुण्याच्या उपकरण विभागात अण्णा मणी यांनी देशी उपकरणांचा पाया घातला. सोनेगाव हे रेडिओसाँड केंद्र झाले. तिथल्या नोंदींत नागपूरच्या वरच्या वाऱ्याचा वर्षभराचा स्वभाव दिसतो. जानेवारीत बारा किलोमीटरवर पश्चिमेकडून येणारा जोरकस वारा फुग्याला छत्तीसगडकडे ढकलतो. जुलैत पंधरा किलोमीटरवर तोच फुगा उलटा, पश्चिमेकडे जातो. पावसाळ्यातला हा पूर्वेकडून येणारा झोतवारा १९५८ मध्ये पी. कोटेश्वरम यांनी फुग्यांच्या निरीक्षणांतूनच ओळखून मांडला.

फुगा तीस-पस्तीस किलोमीटरवर फुटतो, तिथे नागपूरची थेट मोजणी संपते. पण त्या केंद्रात आणखी एक उपकरण आहे, जे वर न जाताच सगळ्या वातावरणाची भरती-ओहोटी दाखवते. ते म्हणजे वायुभारमापक. वादळ नसलेल्या कुठल्याही दिवशी नागपुरात हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारला सर्वांत कमी, रात्री दहाला पुन्हा जास्त आणि पहाटे चारला पुन्हा कमी होतो. एकूण चढउतार दोन-तीन मिलिबारचा असतो. निरीक्षकाला हे ठाऊक असणे गरजेचे, कारण देशभरची नोंद सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला घेतात. एक वेळ भरतीच्या जवळची, दुसरी ओहोटीच्या. त्यामुळे संध्याकाळी पारा उतरलेला दिसला म्हणून वादळ येतेय असे म्हणता येत नाही. दाबाची तुलना आदल्या दिवशीच्या त्याच वेळेशी करायची, ही हवामान खात्यातली जुनी शिस्त या भरतीमुळेच आली.

बारा तासांनी येणारी ही भरती सूर्याच्या उष्णतेने उठते. वातावरणातला ओझोन आणि बाष्प ऊन शोषतात, हवा फुगते, आणि ती लाट सूर्यासोबत पृथ्वीभोवती फिरते. जमिनीवर ती विषुववृत्ताकडे ठळक असते आणि ध्रुवांकडे झपाट्याने विरते. नागपुरात तिचा झोका मध्यापासून सुमारे एक मिलिबार भरतो, तर ७० अंश दक्षिणेला तो त्याच्या विसाव्या भागाइतकाही राहत नाही. मात्र वर चढताना चित्र पालटते. नव्वद किलोमीटरवर हवा जमिनीपेक्षा लाखाहून अधिक पटीने विरळ असते. तेवढीच ऊर्जा विरळ हवेला हलवू लागली की जमिनीवर जाणवतही नाही असा वाऱ्याचा झोका तिथे सेकंदाला काही दशक मीटरवर जातो. म्हणून भरती मोजायची खरी जागा वर आहे.

इथेच फुग्याची दुसरी मर्यादा उघडी पडते, आणि ती उंचीपेक्षा मोठी आहे. जगभर रेडिओसाँड दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने सोडतात. भारतात त्या वेळा पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आहेत. बारा तासांच्या भरतीकडे बारा तासांनी पाहिले तर ती दर वेळी त्याच जागी असते. म्हणजे ती दिसतच नाही, स्थिर वाऱ्यात मिसळून जाते. जगातले शेकडो फुगे रोज वर जात होते आणि सर्वांत नियमित लाट त्यांच्या हातून निसटत होती. तिला पकडायला रात्रंदिवस अखंड चालणारे उपकरण हवे होते.

असे उपकरण मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून चालू होते, फक्त ते वारा मोजते हे कुणाला माहीत नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली, आणि १८४१ पासून तिथे चुंबकसुईच्या नोंदी सुरू झाल्या. सुई रोज दिवसा थोडी हलते आणि रात्री शांत असते. याचे कारण १८८२ मध्ये बाल्फर स्ट्युअर्ट यांनी सुचवले. वातावरणाच्या वरच्या थरात विजेला वाट देणारी हवा असावी, आणि भरतीच्या वाऱ्याने ती पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून फिरली की डायनामोप्रमाणे वीज निर्माण होत असावी, असा तो तर्क होता. अशा थराचा प्रत्यक्ष पुरावा मिळायला आणखी चार दशके लागली. तर्क बरोबर निघाला. हे प्रवाह सुमारे ११० किलोमीटरवर वाहतात, आणि चुंबकसुईची रोजची हालचाल म्हणजे त्या उंचीवरच्या वाऱ्याची सही आहे.

कुलाब्याची वेधशाळा १८९६ पासून नानाभाई मूस यांच्या हाती होती. तिचे ते पहिले भारतीय संचालक. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडणार हे उघड होते. मूस यांनी नवी जागा अलिबागला शोधली. तिथल्या इमारतींत लोखंड वापरले नाही. त्यांनी दूरदृष्टीने आणखी एक गोष्ट केली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्याला जोडता आली. अंधाऱ्या खोलीत सुईला चिकटवलेल्या इवल्या आरशावरून प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर पडे, आणि कागद घड्याळाच्या गतीने सरके. अलिबागला चुंबकक्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. रोजची भरती त्याला हलवते ती काही दशक नॅनोटेस्लाने, म्हणजे हजारात एखाद्या भागाने. १८४६ ते १९०५ या काळातल्या नोंदींचे मूस यांनी १९१० मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. साठ वर्षांची इतकी काळजीपूर्वक केलेली मांडणी तेव्हा जगात फार थोड्या ठिकाणी होती. या नोंदींतून सूर्याच्या भरतीखाली दडलेली चंद्राची क्षीण भरतीही वेगळी काढता येते. तिचा काळ १२ तास २५ मिनिटांचा, त्यामुळे ती रोज थोडी मागे सरकते आणि पुरेसे महिने हाताशी असले तर ओळखू येते. अलिबागचा वारसा सांभाळणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली, आणि तिच्या वेधशाळांच्या जाळ्यात पुढे नागपूरही आले. आता नागपूरच्या आकाशातला वारा दोन परींनी नोंदला जातो, सोनेगावला फुग्याने आणि भूचुंबकीय वेधशाळेत सुईने. मधले सत्तर-ऐंशी किलोमीटर मात्र दोघांच्याही आवाक्याबाहेर राहतात.

ती पोकळी भरून काढणारी एक पद्धत एका भारतीयाने काढली. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या एस. एन. मित्रा यांनी १९४९ मध्ये दाखवले, की वरच्या थरावरून परतणारा रेडिओ-प्रतिध्वनी जमिनीवर त्रिकोणात ठेवलेल्या तीन अँटेनांवर एकाच क्षणी सारखा उमटत नाही. त्यातला चढउतार आधी एका अँटेनावर, मग दुसऱ्यावर दिसतो. या मागेपुढे होण्यावरून परावर्तन करणारा थर कुठल्या दिशेला किती वेगाने वाहतो आहे ते निघते. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या मंडळींनी उल्कांच्या जळत्या वाटेवरून रडारने वारा मोजला. या दोन रीती आजही सगळ्या जगात, ध्रुवांवरसुद्धा, चालू आहेत.

तिसरी रीत रॉकेटची. २१ नोव्हेंबर १९६३ला केरळातल्या थुंब्याहून उडालेल्या पहिल्या रॉकेटात सोडियमची वाफ होती. संधिप्रकाशात ती नारिंगी ढगासारखी पसरली आणि वेगवेगळ्या उंचीच्या वाऱ्यांनी ओढली जाऊन वेडीवाकडी झाली. जमिनीवरून तिचे फोटो घेऊन वारा काढला गेला. डिसेंबर १९७० पासून थुंब्याहून दर आठवड्याला सोव्हिएत बनावटीची एम-१०० रॉकेटे उडू लागली. तीच रॉकेटे आर्क्टिकमधल्या हाइस बेटावरून आणि अंटार्क्टिकातल्या मोलोद्योझ्नाया तळावरूनही उडत होती. त्यामुळे एका ध्रुवापासून दुसऱ्यापर्यंतच्या वाऱ्याची तुलना शक्य झाली. रामनाथन ज्या अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक होते, तिथले परमजितसिंग सेहरा १९७१ ते १९७३ या काळात सतराव्या सोव्हिएत अंटार्क्टिक मोहिमेबरोबर मोलोद्योझ्नायाला राहिले आणि रॉकेटांच्या आधारे ध्रुवीय वरच्या हवेचे तापमान आणि वारे अभ्यासले. भारताची स्वतःची पहिली मोहीम जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकाला पोचली, म्हणजे ध्रुवावरचा वारा मोजणारा भारतीय माणूस तिथे आधीच जाऊन आला होता. या गोष्टीची आपल्याकडे फारशी आठवण ठेवली गेली नाही.

महाराष्ट्रात मित्रा यांची पद्धत कोल्हापुरात रुजली. भूचुंबकत्व संस्थेने १९९२ मध्ये तिरुनेलवेलीला आणि १९९९च्या सुमारास कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात १.९८ मेगाहर्ट्झवर चालणारी रडारे बसवली. ऐंशी ते शंभर किलोमीटरच्या थरातला वारा ती रात्रंदिवस मोजतात, म्हणजे फुग्याच्या हातून निसटलेली बारा तासांची भरती इथे सरळ आलेखात दिसते. भारताच्या अक्षांशांवर चोवीस तासांची भरती जोरात असते. ध्रुवांकडे जावे तशी ती मागे पडते आणि बारा तासांची पुढे येते.

ऐन ध्रुवावर या बारा तासांच्या भरतीने एक कोडे घातले. सूर्यामागे फिरणाऱ्या या लाटेला पृथ्वीभोवती दोन उंचवटे असतात. म्हणून समोरासमोरच्या दोन रेखावृत्तांवर वारा एकाच वेळी पूर्वेकडे असतो. पण ध्रुवाच्या एका बाजूचे ‘पूर्वेकडे’ आणि दुसऱ्या बाजूचे ‘पूर्वेकडे’ या प्रत्यक्षात उलट दिशा आहेत. दोन्ही वारे ध्रुवावर एकमेकांना रद्द करतात, आणि तिथे बारा तासांची हालचाल शून्य असायला हवी. गोंझालो हर्नांडेझ आणि सहकाऱ्यांनी दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी तळावरून वरच्या हवेच्या मंद प्रकाशाचे वेध घेतले, आणि १९९३ मध्ये तिथे बारा तासांचा स्पष्ट झोका असल्याचे जाहीर केले. जेफ्री फोर्ब्स यांच्या गटाने तिथेच चार दिशांना रोखलेले उल्का-रडार लावून १९९५ मध्ये उलगडा दिला. ध्रुवावरच्या झोक्याला दोन नव्हे, एकच उंचवटा आहे. अशा लाटेत समोरासमोरचे वारे एकाच दिशेचे ठरतात आणि ध्रुवावरून आरपार वाहतात. ही लाट थेट सूर्याने उठवलेली नाही. सूर्याची भरती आणि वातावरणातल्या स्थिर अशा महालाटा यांच्या संयोगातून ती जन्मते, असा खुलासा मान्य होत गेला. पुढे जपानने स्योवा तळावर हजाराहून जास्त अँटेनांचे पॅन्सी रडार उभारले आणि अंटार्क्टिकातल्या मोजणीचे पारडे जमिनीवरच्या रडारांकडे झुकले.

भारताचा मैत्री तळ १९८९ मध्ये सुरू झाला, ७० अंश ४६ मिनिटे दक्षिणेला. हवामान खाते तिथून ओझोन मोजणारे फुगे सोडते. भूचुंबकत्व संस्थेची चुंबकमापी उपकरणेही तिथे आहेत. पण अलिबागला जी रीत सरळ लागू पडते ती मैत्रीवर लागू पडत नाही. तिथे ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातले प्रवाह सुईला शेकडो नॅनोटेस्लाने झुलवतात, आणि भरतीची सही त्यात बुडून जाते. ध्रुवावरच्या वाऱ्याचा एक परिणाम शोधायला म्हणूनच उलट अलिबागकडे यावे लागते.

तो परिणाम असा. १९५२ मध्ये बर्लिनच्या रिचर्ड शेरहाग यांना रेडिओसाँडच्या नोंदींत आढळले, की हिवाळ्यात तीस किलोमीटरच्या आसपास ध्रुवीय हवा कधीकधी मोजक्या दिवसांत चाळीस-पन्नास अंशांनी तापते आणि ध्रुवाभोवतीचा भोवरा कोसळतो. अशी घटना दक्षिण गोलार्धात दुर्मीळ. सप्टेंबर २००२ मध्ये ती तिथे घडली आणि ओझोनचे छिद्र दुभंगले. उत्तरेची जानेवारी २००९ची घटना फार तीव्र होती. वारे पालटल्याने चंद्राची एरवी क्षीण असलेली भरती अशा वेळी जोर धरते, आणि विषुववृत्तावरच्या विद्युत्‌प्रवाहाचे रोजचे वेळापत्रक बिघडते. सकाळी तो वाढतो, दुपारी उलटतो. हे मोजायची भारतातली रूढ रीत म्हणजे तिरुनेलवेलीच्या चुंबकक्षेत्रातून अलिबागचे वजा करणे. तिरुनेलवेली त्या प्रवाहाखाली आहे, अलिबाग त्याच्या बाहेर. दोघांतला फरक म्हणजे प्रवाहाचा जोर.

कुलाबा-अलिबागची ही मालिका आज भूचुंबकत्व संस्थेतल्या जागतिक विदा केंद्रात जतन केलेली आहे. शेरहाग यांच्या शोधाआधीच्या शंभरेक हिवाळ्यांत ध्रुवावरचा भोवरा किती वेळा कोसळला याची फुग्याची किंवा रडारची सलग नोंद जगात नाही. त्या काळासाठी ज्या मोजक्या अप्रत्यक्ष साक्षी उरल्या आहेत, त्यांत मूस यांनी सांधलेली ही मालिका एक आहे.